कोन पाहिजे?

आदिलाबादच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजला ट्रंक कॉल नोंदवण्यासाठी फोन केला की बाकीचे ऑपरेटर आधी विचारत, "कोण बोलतंय?" एकच माणूस तसं विचारत नसे. तो म्हणे, "कोन पाहिजे?" आवाजात घाई नसे आणि अदबही नसे. पलीकडच्याने सवयीने स्वतःचं नाव, हुद्दा, दफ्तर सांगायला सुरुवात केली की तो मध्येच थांबवी. "थे राहू द्या. कोन पाहिजे थे सांगा."

या पद्धतीचा तहसील कचेरीतल्या काही लोकांना राग होता. आपण कोण आहोत हे न ऐकता कॉल लावला जातो, म्हणजे आपला कॉल आणि डाळ मिलच्या मुनीमाचा कॉल एकाच रांगेत. तक्रारी वर गेल्या. वरून विचारणा झाली. उत्तर एका ओळीचं गेलं: कॉल जोडायच्या बोर्डाला नंबर लागतो, नाव लागत नाही.

शहर त्यांना ऑपरेटर साहेब म्हणे. बोर्ड बंद पडल्यावरही म्हणतच राहिलं.

ऐंशीच्या दशकात सीमेपलीकडून, महाराष्ट्रातून निघणाऱ्या एका मराठी दैनिकाचं जिल्ह्याचं काम माझ्याकडे होतं. बातमी लिहायची, ट्रंक लावायचा आणि नागपूरच्या उपसंपादकाला ती शब्दाशब्दाने वाचून दाखवायची. ऑपरेटर साहेबांची ओळख त्यातून झाली. समोरासमोर भेट बरीच नंतरची. डोक्यावर हेडफोनच्या पट्टीने पाडलेली खाच होती, तिच्या दोन्ही बाजूंना केस उभे राहत. तेल लावून, पाणी लावून ती खाच बुजली नाही. बोलताना ते अंतर मोजून आवाज लावत. जवळचं मंचेरियल म्हटलं की साधा, हैदराबाद म्हटलं की चढा, आणि मुंबईचा उल्लेख आला की समोरच्याला दचकायला होई, मग ती मुंबई गप्पांमधली का असेना.

बोर्डावर त्यांचा एक नियम होता. दोन माणसं जोडली गेली, "बोला" म्हटलं, की हेडफोन काढून टेबलावर उपडा ठेवायचा. बाकीचे ऐकत. ऐकणं हा त्या नोकरीचा एकमेव विरंगुळा होता, कापसाचे भाव आणि ठरणारी लग्नं ऑपरेटरांना सगळ्यांच्या आधी कळत. यांना काही विचारलं की एकच उत्तर येई, "जोडून दिलं का आपुन मेलो." मेलेला माणूस ऐकत नाही आणि सांगतही नाही, असा त्याचा अर्थ. सहकारी चिडवत, "मेलेल्याले पगार काऊन लागते मंग?" ते म्हणत, "कफनासाठी."

मात्र जोडण्याआधी ते पुरेपूर जिवंत असत. नागपूरची लाइन एकच. तिच्यावर ऑर्डिनरी आणि अर्जंट असे सरकारी दर्जे होते. ऑपरेटर साहेबांनी आपला स्वतःचा दर्जा वर ठेवला होता आणि तो कोणत्याही नियमपुस्तकात नव्हता. मंडलाच्या, म्हणजे तिकडच्या छोट्या तालुक्याच्या, निवडणुकीच्या निकालाची बातमी वाचून दाखवणं चालू असताना एकदा मध्येच त्यांचा आवाज आला.

"पत्रकार साहेब, लाइन सोडा."

"अर्धी बातमी राहिलीय."

"तामसीकडचा एक मानूस उभा हाय इथं. त्याची बायको नागपूरच्या दवाखान्यात हाय. आपरेशन करावं का नाई, डाक्टर इचारून राह्यला. तुमची बातमी उद्या बी बातमीच राहीन."

खट् आवाज आला आणि लाइन गेली. दुसऱ्या दिवशी अंकात बातमी होती. तिचं शेवटचं वाक्य असं होतं: 'पराभूत उमेदवार म्हणाले की'. वाचन तिथेच तुटलं होतं. तो उमेदवार जाब विचारायला आला तेव्हा चहाच्या टपरीवर ऑपरेटर साहेबही होते. त्यांनीच परस्पर उत्तर दिलं, "हारलेला मानूस काय म्हनते थे लोकायले ठाऊक राह्यते, भाऊ. चहा घ्या."

नाव न विचारण्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही सरळ विचारल्यावर. त्यांचं गाव तामसीकडचं. आईवडील दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत आले, घर बौद्ध वस्तीतलं. "आमच्याकडं नाव इचारलं का गाव इचारतेत. गाव इचारलं का वस्ती इचारतेत. वस्ती समजली का मंग पानी द्याचं का नाई थे ठरते. बोर्डावर बसलो थ्या दिवशी ठरवलं. आपुन कोनाले नाव इचारनार नाई अन् आपलं सांगनार नाई. ज्याले ज्याच्याशी बोलाचं हाय, बोलू द्या." एवढं बोलून त्यांनी विषय कापसाच्या भावावर नेला.

हा नियम घरीही लागू होता. त्यांच्या घरात दोघंच माणसं, ते आणि वहिनी. वहिनी बाजारातून आल्या आणि कडी वाजवली की आतून आवाज येई, "कोन पाहिजे?" वहिनी भाजीची पिशवी खाली ठेवत आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "तुमीच पाहिजे! दुसरं कोन बसलं हाय घरात?" मग दार उघडे.

नव्वदच्या दशकात स्वयंचलित एक्स्चेंज आलं. बोर्डावरच्या जोडणीच्या दोऱ्या गुंडाळून कोठीत गेल्या. लोक आता आपले आपण नंबर फिरवू लागले. बाकीचे ऑपरेटर बिलांच्या खिडकीवर बसले. ऑपरेटर साहेबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बसस्टँडसमोर एस.टी.डी.चं दुकान टाकलं. पुढे त्यात फॅक्स आला, आणि दशकाच्या शेवटी शेवटी एक संगणक.

पन्नाशीनंतर संगणक शिकणाऱ्या माणसाबद्दल जे कौतुक असतं त्याची त्यांना गरज नव्हती. आपण काही नवं शिकतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांच्या मते इंटरनेट म्हणजे ट्रंक बोर्डच होता, फक्त दोऱ्या दिसत नव्हत्या. हैदराबादच्या एका कंपनीकडे त्यांनी एक सर्व्हर भाड्याने घेतला, म्हणजे सदैव चालू राहणारा, वेबसाइट ठेवण्याचा एक संगणक. तो त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिला नाही. दुकानातून एस.टी.डी. लावायचा, मोडेमची किरकिर थांबेपर्यंत गप्प बसायचं आणि मग काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. हैदराबादला जाणारी आज्ञा असली की ते कळा जोरात दाबत. एक कीबोर्ड असाच गेला.

त्या एका सर्व्हरवर त्यांनी शहरातल्या निम्म्या हौशी लोकांच्या वेबसाइट वसवल्या. बियाण्यांचं दुकान, एक खाजगी कॉलेज, एक मंगल कार्यालय, डाळ मिल. सर्व्हरला इंटरनेटवर पत्ता एकच मिळाला होता, आकड्यांचा, टेलिफोन नंबरासारखा. एका नंबरावर इतक्या वेबसाइट कशा, असं कोणी विचारलं की ते खुलत.

"पी.पी. आठवते का?"

आठवत असे. त्या काळी गल्लीत फोन एकाच घरी. बाकीची घरं आपल्या कार्डावर तोच नंबर छापत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत. फोन आला की फोनवाला विचारी, कोण पाहिजे, आणि त्या माणसाला घरातून बोलावून आणी.

"तसंच हे. नंबर एक, घरं दहा. पाहुना येते, सर्व्हर इचारते, कोन पाहिजे? पाहुना वेबसाइटचं नाव सांगते. सर्व्हर थ्या घराले हाक मारते. झालं."

आणि ते खरं होतं. साध्या वेबसाइटच्या बाबतीत अगदी असंच घडतं. इतक्या वर्षांनी एक यंत्र त्यांचाच प्रश्न विचारत होतं, याचं त्यांना समाधान होतं आणि ते लपवत नसत. "आपली पद्धत जगानं उचलली," ते म्हणत.

त्यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक म्हणजे शहरातले एक शेटजी. सरकी, कापूस आणि जोडीला हस्तकलेचा माल. वांकिडी गावाच्या पलीकडे काही ओझा आदिवासी कुटुंबं पितळेचं ओतकाम करतात. मेणाचा आकार, वर मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ. घंटा, मोर, दिवे, बैल. शेटजी हा माल गावात जाऊन घेत आणि मोठ्या शहरांत विकत. गावातला भाव आणि शहरातला भाव यांतलं अंतर त्यांच्या तिमजली घराकडे पाहून कळत असे. वेबसाइटवर त्यांनी ऑर्डरचं एक सुरक्षित पान करून घेतलं होतं. अशा पानाला कुलूप असतं. त्यात भरलेला मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही. कुलपासोबत एक प्रमाणपत्र लागतं, ही वेबसाइट अमक्याचीच आहे असं सांगणारं. ते बाहेरच्या कंपनीकडून कागदपत्रं तपासून मिळतं. शेटजींनी ते घेतलं. ऑर्डर त्यांना फोनवरच येत, पण पडद्यावर कुलूप दिसलं की ते पाहुण्यांना बोलावून दाखवत.

त्यानंतर शेवंताबाई आली. ओझा घरातली, सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला खमकी. पितळ ओतणाऱ्या घरांची तिने सोसायटी नोंदवली होती आणि माल शेटजींना द्यायचा नाही असं सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. हैदराबादच्या एका प्रदर्शनात तिला हॉलंडहून आलेली एक दुकानदार बाई भेटली. त्या बाईची अट एकच होती: माल थेट बनवणाऱ्यांकडून घेणार, मधल्या माणसाकडून नाही. ऑर्डर वेबसाइटवरच्या सुरक्षित पानावरून देणार, कारण त्यात दुकानाच्या बँकेचे तपशील भरायचे होते. हंगामाचा माल ओतून तयार होता. ही ऑर्डर आली नाही तर तो कोणाच्या दारात न्यायचा हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि भाव कोण ठरवणार हेही.

"सायेब, होईन ना?" तिने विचारलं.

"न व्हायले काय झालं? पी.पी.च तं हाय."

सोसायटीच्या नावाचं प्रमाणपत्र बरेच कागद फिरल्यावर आलं. ऑपरेटर साहेबांनी शेटजींच्या शेजारी, त्याच नंबरावर, सोसायटीचं सुरक्षित पान बसवलं. दुकानात बसून तपासलं. पान उघडलं, मोराचं चित्र आलं, ऑर्डरचा फॉर्म आला, कोपऱ्यात कुलूप बंद होतं. उघडताना ब्राउझरने एक इशारा दिला होता. तो त्यांनी 'पुढे चला' म्हणून घालवला. ते म्हणाले, "लय इचारते हे." आणि वांकिडीच्या बसच्या कंडक्टरकडे शेवंताबाईसाठी निरोप दिला की काम झालं.

आठवड्याने हॉलंडहून ई-मेल आला. बातम्या पाठवायला रोज त्या दुकानात जावं लागे, त्यामुळे त्यांनी तो वाचला तेव्हा मी समोरच होतो. बाईने सभ्य भाषेत लिहिलं होतं. तुमचं सुरक्षित पान उघडताना आम्हाला इशारा मिळाला की या पानाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच एका व्यापाऱ्याच्या नावाचं आहे. हे तेच नाव, ज्यांच्याशी संबंध नाही असं आम्हाला प्रदर्शनात सांगण्यात आलं होतं. आमची यादी या आठवड्यात ठरेल. सध्या तुमचा माल त्यात धरता येत नाही. तुम्ही खरोखर कोण आहात आणि हा सर्व्हर कोण चालवतं, हे कळेल का?

ऑपरेटर साहेबांनी ते पान पुन्हा उघडलं. इशारा पुन्हा आला. या वेळी त्यांनी तो वाचला. त्यात शेटजींच्या फर्मचं नाव होतं.

नंतर त्यांनी सर्व्हरच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेची पानं काढली आणि दुपारपर्यंत ती वाचत बसले. गिऱ्हाइकं आली, त्यांनी आपले आपण नंबर फिरवले, पैसे टेबलावर ठेवून गेली. शेवटी त्यांनी पुस्तिका मिटली.

"पत्रकार साहेब, हे इचारतच नाई."

"काय?"

"कोन पाहिजे, हे. कुलपाच्या दारावर सर्व्हर इचारतच नाई. पाहुना आला का आधी आपलं प्रमानपत्र दाखवते. मंग कुलूप लागते. मंग कुलपाच्या आत पाहुना सांगते का मले अमका पाहिजे. पन तंवर प्रमानपत्र दाखवून झालं! नंबर एक, तं प्रमानपत्र बी एकच, जे पयलं लावलं थे. शेटजीचं."

फॉर्म सोसायटीचा उघडत होता, कारण कुलूप लागल्यावर नाव कळत होतं. प्रमाणपत्र मात्र शेटजींचं पुढे केलं जात होतं, कारण त्या वेळी सर्व्हरला पाहुणा कोणाकडे आलाय ते ठाऊक नसतं. चूक एवढीच होती. ती ट्रंक बोर्डावर आयुष्य काढलेल्या माणसाकडूनच व्हायची, कारण आधी विचारलं जातं यावर त्याच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणाचा नसतो.

शेवंताबाई दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. हकिकत ऐकली. तिने एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे थ्या बाईले वाटून राह्यलं का आमी शेटजीचीच मानसं हाव?"

"हो."

"गावात बी आता असंच म्हनतीन. शेवंता आमाले सोडवाले निघालती, अन् कुलूप शेटजीचंच निघालं." ती बाकावर बसली. "काऊन केलं सायेब असं?"

"चुकलं," ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. "आता नीट करतो. तुमी चहा घ्या."

खरा उपाय म्हणजे सोसायटीला स्वतःचा वेगळा नंबर. हैदराबादच्या कंपनीने सांगितलं, अर्ज द्या, महिना लागेल. दुसरा उपाय बाजूच्या दाराचा. एकाच नंबरावर सर्व्हरला वेगवेगळी दारं ठेवता येतात, जशी ऑफिसातल्या फोनला एक्स्टेन्शनं. सुरक्षित पानाचं एक ठरलेलं मुख्य दार असतं. दुसरं दार वापरायचं तर पत्त्यापुढे त्या दाराचा आकडा जोडावा लागतो. त्यांनी सोसायटीला बाजूचं दार दिलं. तिथे सोसायटीचंच प्रमाणपत्र दिसू लागलं. हॉलंडला कळवलं. शेवंताबाई त्या रात्री शहरातल्या नातेवाइकाकडे राहिली. सकाळी उत्तर आलं: आमच्या ऑफिसातून हा पत्ता उघडत नाही, इथे फक्त मुख्य दारानेच बाहेर जाता येतं.

म्हणजे मुख्य दार एकच आणि दावेदार दोन. त्या दारात शेटजी आधीपासून होते.

ऑपरेटर साहेबांनी शेटजींना फोन करून दुकानात बोलावलं. शेटजी स्कूटरवरून आले, बाकावर शेवंताबाईला पाहून हसले.

"अरे, शेवंताबाई! मोर उडाला का हॉलंडला?"

"पंख तुमच्या कुलपात अडकला, शेटजी," ती म्हणाली.

ऑपरेटर साहेबांनी सगळं सरळ सांगितलं. सोसायटी मुख्य दारात जाणार, शेटजी बाजूच्या दारात. शेटजींच्या वेबसाइटवरचा दुवा बदलून ठेवला की त्यांच्या गिऱ्हाइकाला काही वेगळं करावं लागणार नाही. महिन्याने नवा नंबर आला की शेटजींना त्यावर पुन्हा मुख्य दार मिळेल. तोवरचं भाडं माफ.

"साब, मेरा नंबर पहले लगा था."

"लगा था. ट्रंक में भी ऑर्डिनरी पहले लगा हो, तो अर्जंट को रस्ता देता था. आपको मालूम है. आपने कितने अर्जंट लगाए मेरे बोर्ड से."

शेटजी थोडा वेळ टेबलावर किल्ल्या वाजवत राहिले. मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. बाक तीन हातांवर होता तरी.

"ठीक है. बाजू का दरवाजा मंजूर. झगडा काय को? बस, एक काम. ऑर्डर आपकी मशीन पे ही आएगा ना? कौन मंगा रहा है, क्या भाव में, इतना बताते जाना. मैं आपके दुकान को दो कंप्यूटर और लगा के देता."

शेवंताबाई ऑपरेटर साहेबांकडे बघत होती. तिच्या मालाची किंमत, तिचं गिऱ्हाईक आणि तिने गावाला दिलेला शब्द या एका माणसाच्या हातात होतं, आणि त्याने कालच कबूल केलं होतं की तो चुकू शकतो.

ते हसले. डोक्यावरच्या खाचेतून हात फिरवला आणि मराठीत बोलले.

"शेटजी, तुमचे ट्रंक मी वीस हंगाम जोडले. नागपूरले तुमी कोनत्या भावानं कापूस देला थे इथल्या एका मानसाले तरी समजलं का?"

"नहीं."

"काऊन नाई समजलं? जोडून दिलं का आपुन मेलो. मेलेल्याले काय इचारता?"

शेटजी उठले. "सोच लो साब. मेरा काम गया तो इस दुकान में बचेगा क्या?"

"मी बचीन," ऑपरेटर साहेब म्हणाले.

शेटजींनी त्याच दिवशी आपली वेबसाइट हैदराबादला दुसरीकडे नेत असल्याचं कळवलं. ऑपरेटर साहेबांनी त्यांच्या सगळ्या फाइली नीट बांधून फ्लॉपींवर दिल्या, त्यांच्या माणसाला कसं बसवायचं तेही समजावलं. मग मोडेम लावला आणि कळा इतक्या जोरात बडवल्या की शेवंताबाई म्हणाली, "सायेब, हैदराबादचं मशीन मरन." मुख्य दार मोकळं झालं. त्यांनी पान उघडलं. इशारा आला नाही. कुलपावर टिचकी मारून प्रमाणपत्र उघडलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिने बोट ठेवून इंग्रजी अक्षरं एकेक जुळवली. सोसायटीचं नाव होतं, खाली वांकिडी.

"शेटजी कुठंच नाई?"

"कुठंच नाई."

आता हॉलंडला उत्तर द्यायचं होतं. पत्र त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं, कोणाला हात लावू दिला नाही. चूक सोसायटीची नाही, सर्व्हर चालवणाऱ्याची आहे. ती कशी झाली आणि कशी दुरुस्त केली. फॉर्ममधला मजकूर या माणसाच्या हातून कोणाकडेही जाणार नाही. सगळं चोख होतं. शेवटी ते थांबले. खाली 'ऑपरेटर' असं टाइप केलं.

शेवंताबाई पडद्याकडे बघत होती. "हे काय लिवलं?"

"ऑपरेटर."

"नाव लिवा ना."

"सगळे मले ऑपरेटरच म्हनतेत."

"म्हनू द्या. थ्या बाईनं इचारलं हाय, मशीन कोन चालवते. तुमीच काल सांगतलं, कुलपाच्या दारावर आधी आपलं नाव दाखवा लागते, मंग समोरचा बोलते. मशीननं दाखवाचं अन् तुमी दाखवाचं नाई? आमी बी तं दाखवलं. ओझ्यायची सोसायटी म्हनूनच दाखवलं, दुसरं काई म्हनून नाई."

बसस्टँडवर वांकिडीची गाडी लागल्याची हाक ऐकू आली. ती उठली नाही. ऑपरेटर साहेबांचे हात कीबोर्डवर होते. मग त्यांनी तो शब्द पुसला आणि नाव टाइप केलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव, मंडल, जिल्हा. इतक्या वर्षांच्या ओळखीत ते पहिल्यांदाच दिसलं. या वेळी कळा हळू वाजल्या.

ऑर्डर चौथ्या दिवशी आली. शेवंताबाईच्या गावातून निरोप आला की माल भरायच्या खोक्यांसाठी लाकडं पाहिजेत, आदिलाबादला कुठे मिळतील. ऑपरेटर साहेबांनी पत्ता दिला. ऑर्डर केवढ्याची होती ते मात्र बातमीसाठी विचारूनही सांगितलं नाही. उत्तर ठरलेलंच होतं.

शेटजींची जागा भरून निघायला वेळ लागला, पण दुकान चाललं. नवा नंबर महिन्याने आला. तो पुढे एका सहकारी बँकेला मिळाला, आणि तिथे त्यांनी पी.पी.चं नाव काढलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी त्यांच्या घरी जायचं होतं. फाटकाशी पोचलो तेव्हा वहिनी पुढे होत्या, हातात भाजीची पिशवी. त्यांनी कडी वाजवली. आतून पावलं आली, दाराशी थांबली, आणि स्वच्छ, चढ्या, हैदराबादच्या आवाजात पूर्ण नाव ऐकू आलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, तामसीकडचं गाव. गल्लीत बाजेवर बसलेल्या दोघांनी माना वळवल्या. मग प्रश्न आला.

"बोला, कोन पाहिजे?"

वहिनींनी पिशवी खाली ठेवली.

"नाव लगनातच घेतलं हाय मी तुमचं," त्या म्हणाल्या. "उघडा आता."

दार उघडलं.